डिंककाकांची नवी खुर्ची

गल्लीत त्यांना सगळे डिंककाका म्हणत. निखळलेल्या खुर्च्या, न सरकणारे ड्रॉवर, पाय गेलेली टेबलं लोक त्यांच्याकडे आणून टाकत आणि ते ती जोडून, घासून, पॉलिश करून परत देत. ज्या वस्तू न्यायला कोणी फिरकलंच नाही, त्या त्यांच्याच घरात राहिल्या. त्यामुळे घरातली प्रत्येक खुर्ची वेगळ्या घरातून आलेली होती, आणि पलंगाचं डोकं एका पलंगाचं तर पाय दुसऱ्याच पलंगाचे होते.

काकू आजारी पडल्या, डावी बाजू लुळी झाली. बराच काळ अंथरुणात गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता यांना रोज थोडा वेळ बसवा. त्यासाठी उंच पाठीची, हात असलेली खुर्ची पाहिजे.

"मी करतो की," काका म्हणाले. "माळ्यावर एक सांगाडा पडलाय."

"नको." काकूंची जीभ अजून जड होती, पण शब्द नीट समजले. "जन्मभर लोकांनी टाकलेल्यावर बसले. तुम्ही चिकटवायचं आणि मी बसायचं. आता एक नवी आणा. दुकानातली."

काका मोठ्या दुकानात गेले आणि खुर्ची पसंत करून आले. दुकानाच्या माणसांनी ती पुठ्ठ्यात गुंडाळलेली आणून बाहेरच्या खोलीत ठेवली आणि ते निघून गेले.

"आली का?" आतून काकूंनी विचारलं.

"आली. उघडतोय."

पुठ्ठा निघाला. मागच्या पायाला बैठकीपासून खाली उभी चीर गेली होती.

"गप्प का झालात?"

"पायात खोट आहे. उद्या बदलून आणतो."

"बदलूनच आणा. इथे बसून ठोकठाक करू नका."

"नाही करत."

आणि काका खरंच करणार नव्हते. पण ताजी चीर कशी वागते हे त्यांना माहीत होतं. तिचे दोन्ही काठ स्वच्छ असतात, एकमेकांत नीट बसतात. मात्र सायकलला बांधून खड्ड्यांतून नेलं की ती पार टोकापर्यंत जाते. खुर्ची तर आता दुकानाला परत द्यायची होती. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून आणखी बिघडू नये, एवढ्यासाठी त्यांनी चिरेत सरस भरला आणि लाकूड दाबून धरणारा शिकंजा आवळला. सरस वाळल्यावर त्याची फिकट रेघ दिसू लागली. ती तशीच ठेवून उठणं त्यांना जमेना. त्यांनी ती घासली, रंग जुळवला, पॉलिशचा बोळा फिरवला. हात थांबले तेव्हा चीर कुठे होती ते त्यांनाही बोटाने चाचपून पाहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मॅनेजरने खुर्ची उलटी केली, सुलटी केली.

"कुठे मोडलीय?"

"हा पाय. इथपासून इथपर्यंत."

मॅनेजरने नखाने खरवडून पाहिलं आणि काउंटरवरच्या मुलीला बोलावलं. "तुला काही दिसतंय?"

"मला पाय दिसतोय, सर."

"मी चिकटवलीय," काका म्हणाले. "वाटेत वाढू नये म्हणून."

"म्हणजे मोडकी होती, ती तुम्ही चांगली केलीत, आणि आता चांगली झालेली आम्हाला मोडकी म्हणून परत देताय?" आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मॅनेजरला रंग चढला. "फोटो काढला होता?"

"फोटो कशाला? वस्तूच आणलीय की."

"काका, बायकोला डॉक्टरकडे नेताना आधी घरी बरं करून नेता का हो?"

लोक हसले.

"आजोबा, घरी कोणी आहे ना तुम्हाला सांभाळायला?" मुलीने विचारलं. आवाज गोड होता, त्यामुळे लोक आणखी हसले.

काकांनी खुर्ची आडवी केली, तिच्या पाठीवर गुडघा रोवला आणि तो पाय दोन्ही हातांनी पिळला. चीर उघडली की सगळ्यांना दिसेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण चीर उघडली नाही. सरसाने पक्कं धरलं होतं. फाटलं ते शेजारचं चांगलं लाकूड, आणि पाय सुटून हातात आला.

"झालं," मॅनेजर म्हणाला. "आता कोणी मोडली ते सगळ्यांनी पाहिलं. वरच्या कॅमेऱ्यानेही पाहिलं. उचला."

काका खाली वाकून ढलपे गोळा करू लागले. मॅनेजरने तो पाय हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि न सुटलेला जोड अंगठ्याने शोधून पाहिला. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"या, आत या."

मागच्या गोदामात खुर्च्यांचा ढीग होता. कोणाचा हात निखळलेला, कोणाचा पाय फाटलेला.

"ट्रकमधून येतानाच मोडतात. कारखानाही परत घेत नाही," मॅनेजर म्हणाला. "या सगळ्या नीट करा. मग एक घेऊन जा."

"नवी?"

"यातलीच. तुम्ही नीट केली की ती नवीच. मला तरी कुठे दिसली चीर?"

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या बाहेर मांडणार. तिथे सगळ्या नव्याच असतात. तुमच्याकडे आली तीही इथलीच असेल, कोणाच्या नजरेतून सुटलेली. पटत नसेल तर हे लाकूड घ्या आणि चुलीत घाला."

काकांनी ढिगाकडे पाहिलं. मग शिकंजा कुठे मिळेल ते विचारलं.

ते रोज सकाळी निघत आणि दमून परत येत.

"भांडताय ना नीट?" काकू विचारत.

"भांडतोय."

"नुसतं हो हो करू नका. तुमचा स्वभाव मला माहितीये. समोरच्याने डोळे वटारले की तुमची मान खाली."

"देणार म्हणालेत. वेळ लागेल."

ढीग संपला आणि खुर्ची घरी आली. काकांनी आणि शेजारणीने मिळून काकूंना उचलून तिच्यात बसवलं. काकूंनी उजवा हात खुर्चीच्या हातावरून फिरवला, अगदी हळू, पुढच्या टोकापर्यंत. जोड होता तिथेही बोटं थांबली नाहीत.

"बघितलंस?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "याला म्हणतात वस्तू. यांनी केलेलं काम मी डोळे मिटून ओळखते. कुठे चिकटवलंय ते हाताला लगेच लागतं."

शेजारीण हसली. काका दाराशी उभे होते.

"अहो, खरं सांगा. तुम्हाला जमलं असतं असं?"

"नाही," काका म्हणाले.

"मग लांब उभे राहा. आधी हात धुऊन या. नखांत सरस आहे तुमच्या, या नव्या खुर्चीला लागेल."