मायनं ठेवलेलं नाव

सासऱ्याने, पत्रूने, तिसऱ्या पूर्वजाचं नाव घेतलं, तेव्हा रिनाने लेकराचं तोंड हळूच छातीपासून दूर वळवलं. भुकेल्या पोराने टाहो फोडला.

या घराची रीतच तशी. बाराव्या दिवशी घरातल्या गेलेल्यांची नावं एकेक घ्यायची. ज्या नावावर लेकरू दूध ओढेल, तो परत आला म्हणायचं. तो आला की लेकरू घराचं. रिनाला चामोर्शीला माहेरी जायचं तर तिने खुशाल जावं, पण एकटीने. घरातला कोणीच परत आला नाही, तर लेकरू आईचं. नवरा लच्छू तापाने गेला तेव्हापासून या घरात रिनाचा जीव गुदमरत होता. पण पोटचा गोळा टाकून जाणार कशी? इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी पत्रूने लच्छूचं नाव घेतलं. रिनाचं दूध पोलक्यावर ओघळलं. तरी तिने पोराला जवळ घेतलं नाही.

"नावं सरली," पत्रू कपाळाला हात लावून म्हणाला. "काऊन घेत नाई हा?"

अहेरीच्या दवाखान्यात रिना दोन दिवस कळा देत होती. तेव्हा दिव्या सिस्टरने तिचा हात धरून एक गोष्ट सांगितली होती. बायबलातली, जुन्या इब्री लोकांची. त्यातलं नाव सहसा कोणी ठेवत नाही, असंही ती म्हणाली होती.

"याबेस," रिना म्हणाली आणि तिने लेकराला छातीशी धरलं. ते चुटूचुटू ओढू लागलं.

"हा कोन? आपल्यात नाई असा कोनी."

सासू सुकरी चुलीपासून उठून आली. पोलक्यावरच्या ओल्या डागाकडे तिने नीट पाहिलं. तिला सगळं कळलं.

"मतलब काय त्याचा?"

"दुःखात झालेला. त्याच्या मायनं ठेवलं होतं. बापाचं नावच नाई त्या गोष्टीत."

सुकरी लेकराजवळ टेकली.

"लच्छूच्या टायमाले मले नाव कोनी विचारलं नाई," ती म्हणाली. मग पत्रूकडे वळली. "लेकरानं घेतलं ना? रीत तुमचीच हाये."

पत्रूने मान खाली घातली. सुकरीने नातवाचं पाऊल क्षणभर मुठीत धरलं आणि सोडलं.

"टोपडं घाल त्याले," ती रिनाला म्हणाली. "दुपारची गाडी लवकर येते."