झाकलेली बदकं

रविवारी सकाळी चष्मेवाला जेवणाच्या टेबलावर कात्री, खळ आणि तपकिरी कागद घेऊन बसला होता. समोर लेकीचं पुस्तक होतं, मावशीनं पाठवलेलं. पानापानावर एक आकडा आणि तेवढीच चित्रं. एकाला मांजर, दोनाला छत्र्या, तिनाला बदकं. आकडा तेवढा उघडा ठेवून तो चित्रांवर कागद चिकटवत होता.

"अहो, हे काय आरंभलंय?" बायकोनं विचारलं.

"चित्रं बघत बसते कार्टी. आकडे कधी शिकायची? शाळेची मुलाखत तोंडावर आलीय."

"पण चित्रं मोजूनच तर..."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा विकणारा हा गृहस्थ घरी चार वर्षांच्या पोरीची बदकं झाकत होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तो एकटाच असा होता असंही नाही. त्या गावच्या प्रतिष्ठितांत तेव्हा एक खूळच माजलं होतं. पाहुणे आले की चहाच्या आधी पोराला स्टुलावर चढवायचं आणि आकडे म्हणायला लावायचे. पोर जितकं लहान आणि आकडा जितका मोठा, तितकी बापाची मान ताठ. पाहुणे टाळ्या वाजवायचे, चहा ढोसायचे आणि घरी जाऊन आपल्या पोरांना बडवायचे.

त्या दुपारी पाहुणे जमल्यावर चष्मेवाल्याच्या आईनं नातीला हौसेनं हाक मारली, "बिट्टे, चढ बघू स्टुलावर!"

बिट्टी शंभरापर्यंत धडाधडा म्हणून गेली. कौतुकाला नुसता ऊत आला. तेवढ्यात औषधवाल्या काकांनी तिच्या ओंजळीत आधी तीन बिस्किटं ठेवली, मग आणखी दोन.

"किती झाली गं?"

बिट्टीनं बिस्किटांकडे पाहिलंच नाही. "एक, दोन, तीन..." पाचावर थांबायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती थेट शंभरावर जाऊन थांबली. पाहुणे खो खो हसले. चष्मेवालाही हसला, आणि ते गेल्यावर आतल्या खोलीत तिच्या तळहातावर पट्टी ओढली.

"म्हटलं ना बाबा शंभरापर्यंत... म्हटलं ना..." पोर पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचा फ्रॉक ओला झाला होता.

आई दारातच उभी राहिली. आपण तोंड का उघडलं नाही, याची तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर तिनं ओल्या फडक्यानं कागद भिजवले आणि हळूहळू सोलून काढले. बदकांची पिसं थोडी खरवडली, पण बदकं वाचली.

बिट्टीनं पानावर बोट ठेवलं. "ही दोन पाण्यात. हे एक बाहेर." मग जरा थांबली. "आई, तीन!"

केवढी हसली पोर! आणि लगेच दोन्ही हात पाठीमागे लपवून म्हणाली, "बाबांना नको सांगू हं."

बापाला भिऊन लपवायचं, असं काय केलं होतं हो त्या लेकरानं? तीन बदकं मोजली होती!

पुढच्या रविवारी बैठक पुन्हा भरली. "बिट्टे, स्टूल!" चष्मेवाल्यानं फर्मावलं.

आई पुढे आली. तिच्या हातात त्याचाच जादाचा चष्मा होता. दोन्ही काचांवर तपकिरी कागद चिकटवलेला.

"आधी तुम्ही," चष्मा त्याच्या हातात देत ती म्हणाली. "हा घाला, आणि इथं माणसं किती बसलीत ते मोजून सांगा."

"वेड लागलंय का तुला? पाहुण्यांसमोर?"

"सूनबाई!" सासूबाई ओरडल्या.

"पाहुण्यांसमोरच सांगते. तिची चित्रं झाकलीत तेव्हा तिलाही असंच काही दिसत नव्हतं. मार मात्र तिनं खाल्ला. आजपासून माझी लेक स्टुलावर चढणार नाही, आणि तिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. शाळा मिळो न मिळो."

बिट्टीला वाटलं, मोजायचं आहे. ती आपणहून पुढे आली आणि एकेकाच्या गुडघ्याला बोट लावत निघाली. औषधवाले काका, एक. काकू, दोन. आजी, तीन. आई, चार. बापापाशी आल्यावर तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले, त्याला वळसा घातला आणि शेवटच्या पाहुण्याच्या गुडघ्याला बोट लावलं.

"पाच," ती म्हणाली.

ती स्वतः सोडली तरी एक माणूस कमी भरत होता. तो कोण, ते सगळ्यांना दिसत होतं. पण एरवी पोरांच्या चुका काढायला टपलेल्या त्या शहाण्यांपैकी एकानंही चूक काढली नाही. चष्मेवाला हातातल्या झाकल्या चष्म्याकडे बघत राहिला.

तुमच्या पोरानं आज घरातली माणसं मोजली, तर त्यात तुम्ही धरले जाल का?