यान घरी येईपर्यंत झाडू नाई

हर्षल मास्तर त्या रविवारी मोटरसायकलवर टीव्ही घेऊन माह्या दुकानावर आला. टीव्ही गोधडीत लपेटलेला, अन् मागं त्याची बायको प्रेरणा त्याले लेकरावानी पोटाशी धरून बसलेली.

"शेषरावभाऊ, गेला बापा टीव्ही. आवाज येते, मानसं दिसत नाईत."

मी धामनगाव बढ्यात टीव्ही दुरुस्त करतो. शाया सातवीतच सुटली, पन डब्बा टीव्हीपासून तं आताच्या पाटीवानी सपाट टीव्हीपर्यंत सारे माह्या हाताखालून गेले. मी मास्तरचा टीव्ही लावला. बातम्या लावल्या, चक्क दिसल्या. क्रिकेट लावलं, गवत हिरवंगार. म्हटलं, "मास्तर, चांगला तं हाय बे. गोधडी काऊन खराब केली?"

"मंग ते नेटवरचं नवीन 'हंसयान' लावून पाहा."

लावलं. खरंच अंधार. कोनीतरी श्वास घेऊन राह्यलं, कोनीतरी जिन्यावरून चालून राह्यलं, पन कोन ते देवाले माहीत. तेवढ्यात समोरून भिमाबाई आल्या. गल्लीत त्यायच्या आधी त्यायचा आवाज पोचते. "अवो भाऊ, चला घरी, माह्या टीव्हीचे डोये फुटले!"

मी माहा सोताचा दुकानातला टीव्ही लावला. त्यावरही तेच. तवा समजलं. टीव्ही सारे चांगले होते. मालिकाच अंधारात काढली होती.

आता हे 'हंसयान' म्हंजे काय, ते सांगतो.

माहं लग्न झालं तवा दूरदर्शनवर रविवारी सकायी 'हंसयान' लागे. मोठ्या मिशीचा कप्तान, चांदीच्या कागदाचे कपडे, अन् यान असं की जसं कुकरच्या झाकनाले कोनी पंख लावले. पन उजेड किती! तारे हिरवे, लाल, जांभये, अन् राक्षसही दिवायीच्या आकाशकंदिलावानी. गावात टीव्ही मोजकेच, त्यातला एक माह्या दुकानात. हा हर्षल मास्तर तवा चड्डीवर येऊन सगळ्यायच्या पुढं बसे. अन् दाराजवय बसे माही नवी नवरी, मनकर्णा.

आपल्याकडं एक रीत हाय. घरचं मानूस गावाले निघालं की त्याच्या पाठीमागं झाडू मारत नाईत. तो मुक्कामाले पोचेपर्यंत केर तसाच राहू द्याचा, नाईतं त्याची वाट पुसली जाते. मनकर्णेनं ही रीत त्या यानाले लावली. भाग संपता संपता यान आभायात निघून जाये, अन् ही बाई झाडूले हात लावत नसे. पब्लिक मुरमुरे सांडून जाये. मी म्हनो, "अवं, झाड ना." ती म्हने, "आत्ताच तं निघालं यान. जरा दूर तं जाऊ द्या."

मंग एका रविवारी कप्तान म्हनाला, "चला, आता घरी." यानानं पृथ्वीकडं तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी टीव्ही लावला तं दुसरीच मालिका! 'हंसयान' बंद. काऊन बंद झालं, कोनी सांगितलं नाई. यान तसंच मधात लटकलं.

पोरीचं लग्न झालं, माहे केस गेले, पन मनकर्णा वर्षातून एखादी बार विचारेच, "अवो, ते यान पोचलं असन का घरी?" एकदा म्हने, "सपनात आलं होतं. नांदुऱ्याच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात ना, त्या रांगेत ते यान धीरे धीरे चालून राह्यलं होतं. लाइट बंद. अन् त्याले कोनी वाट सांगत नव्हतं." मी हासो. पन तिच्यासाठी ते हासन्यावारी न्याचं नव्हतं. तिले जिंदगीत एकच पाह्यचं राह्यलं होतं: तो कप्तान आपल्या दारात पाय ठेवताना.

म्हनून नवीन 'हंसयान' आलं तसं सारं जुनं पब्लिक दर रविवारी दुपारी दुकानात जमाले लागलं. चित्र जरा तरी दिसावं म्हनून मी दारावर घोंगडी टांगे. आत अंधार, बाहेर कापसाच्या दिवसाचं पांढरं ऊन, अन् घोंगडीच्या भोकातून येनाऱ्या उजेडात कापसाचे बारीक तंतू तरंगत. मधात मधात वाटे, आपनच त्या यानात बसून राह्यलो अन् धामनगाव खाली दूर कुठी राहून गेलं.

पन आमचं पब्लिक यानातही गप बसनारं नाई.

"कप्तानची मिशी कुठी गेली?" भिमाबाई विचारत.

"दाढी वाढली, त्यात गेली," मास्तर म्हने.

"अन् हा रडते काऊन? पयले तं राक्षसाले लाथ घाले."

"म्हातारा झाला तो. रस्ता इसरला. यानात वीज कमी हाय, खानं कमी हाय. यायनं खरं दाखवलं, भिमाबाई."

"खरं पाह्याले मी टीव्हीपुढं कायले बसू? ते तं घरी बी दिसते!"

'हंसयान'च्या चाहत्यायचा फोनवर एक गट होता, मास्तर त्यात. तो वाचून दाखवे. पुन्याचा एक जन लिहे, माहं बालपन यायनं अंधारात बुडवलं. दुसरा लिहे, विजेचं बिल थकलं काय यायचं? कोल्हापूरची एक बाई मात्र एकटी भांडे: आभायात अंधारच असते, पयलेच खोटं दाखवलं होतं. तिच्यावर सारे तुटून पडत. प्रेरणा म्हने, "मले तं हीच बाई बरोबर वाटते." त्यावरून नवरा-बायकोचं मोटरसायकल सुरू होईपर्यंत चाले.

अन् मनकर्णा पुढं सरकत सरकत टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसली.

"मले तं काहीच दिसत नाई," ती म्हने.

"कोनाले दिसते वं!" सारे म्हनत.

मी टीव्हीचा उजेड वाढवून पाहो. मानसं राखेनं पुसल्यावानी दिसत. "आता?" मी विचारो. "नाई," ती म्हने. मी पडदा पुसो. "आता?" "नाई." मंग सारे मिळून मालिकावाल्यायले शिव्या घालत, अन् मीही घालो.

चौथ्या रविवारी यान एका सूर्याच्या बाजूनं गेलं. तोपर्यंत सारा अंधार, अन् एकदम यानाच्या खिडक्यायचे पडदे वर गेले. टीव्ही पांढराफट पेटला. दुकानात असा उजेड पडला की भिमाबाईच्या नथीतला खडा चमकला, भितीवर टांगलेल्या वायरी एकूनएक दिसल्या. मास्तरनं डोयावर हात घेतला. मागून कोनीतरी शिट्टी मारली. कप्तानच्या तोंडावर सुरकुती सुरकुती दिसून राह्यली होती, अन् तो हासला. तसाच, मिशीच्या दिवसावानी.

त्या गलक्यात मनकर्णा म्हनाली, "काय झालं वं? अजून अंधारच हाय ना?"

मी वळून पाह्यलं. टीव्हीचा उजेड सिधा तिच्या तोंडावर पडला होता. डोये उघडे होते, अन् दोन्ही डोयाच्या बाहुलीवर मले दुधाची साय दिसली. मी बापा इतके दिवस टीव्हीचा पडदा पुसून राह्यलो होतो.

"कवापासून?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून." तिनं पदर सारखा केला. "कापसाच्या गंजीतून पाह्यल्यावानी दिसते. तुमी सारे म्हनत, दिसत नाई. म्हटलं, बरं हाय, मीही त्यातच."

"मले सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तं तुमी दवाखान्यात नेलं असतं. आत्याचं काय झालं? होतं तेवढंही गेलं." साखरखेर्ड्याची तिची आत्या. जुन्या जमान्यातलं अपरेशन, पन मनकर्णेच्या मनात ते काल झाल्यावानी. "दोनच भाग राह्यले. कप्तान घरी पोचू द्या, मंग पाहू."

"अन् तो पोचन तवा तू काय पाह्यशीन? आवाज?"

टीव्हीवर पुन्हा अंधार झाला. मास्तर उठला अन् त्यानं टीव्ही बंद केला.

"मावशी, राह्यलेले दोन भाग आमी कोनी पाह्यत नाई," तो म्हनाला. "तुमचा डोया खुलला की सारे संगंच पाहू."

"मीही नाई पाह्यत," भिमाबाई म्हनाल्या. साऱ्यायनं त्यायच्याकडं पाह्यलं, कारन भिमाबाईच्या पोटात गोष्ट टिकत नाई. "माह्याकडं काय पाह्यता? पाह्यलंच नाई तं सांगन काय?"

मनकर्णेले हासू आलं. मंग डोयाले पदर लावला. मंग म्हनाली, "काढा ते घोंगडी. बुलडान्याले कवा जाचं ते सांगा."

बुलडान्याच्या डाक्टरीनबाईनं डोये तपासले. म्हनाल्या, मोतीबिंदू हाय, पिकला, आधी एक डोया करू, मंग दुसरा. मनकर्णा त्यायले म्हने, "बाई, दोन भाग राह्यले, तेवढं पाह्यजे." त्या म्हनाल्या, "कशाचे दोन भाग?" मी म्हटलं, "तुमी करा बाई, लंबी गोष्ट हाय."

अपरेशनसाठी घरून निघालो तवा तिनं भिमाबाईले चाबी देली अन् सांगितलं, "मी येईपर्यंत झाडू मारू नका."

इकडं मास्तर त्या फोनच्या गटातून बाहेर पडला. शेवटचे भाग येऊन गेले होते, अन् तठी लोक अशे भांडून राह्यले होते की कप्तान जगला का मेला ते शिव्यावरूनच समजलं असतं. प्रेरणा तं बजारात कोनी 'हंस' म्हटलं की कानात बोटं घाले. भिमाबाईनं घरच्या टीव्हीवर चादर टाकून ठेवली.

पट्टी काढली तवा मी समोरच उभा होतो. तिनं लय टाइम माह्याकडं पाह्यलं.

"तुमी इतके म्हातारे कवा झाले वो?"

"तू पाह्यत नव्हती तवा."

घरी येताना यष्टीत ती खिडकीजवय बसली. काया चष्मा घातलेला, तरी वावराकडून मान हाले ना. झाडाले झाड म्हनून राह्यली होती, बैलाले बैल. कापसाची एक गाडी जवयून गेली तं म्हने, "पांढरा इतका असते का? मी इसरलीच होती." मंग पुटपुटली, "सपनातली गाडी अशीच होती." दारात आली, घरभर पडलेला केर पाह्यला अन् म्हनाली, "पोचली मी. झाडा आता."

मी झाडलं.

मंग तो रविवार आला. घोंगडी टांगली, सारे जमले, दोन्ही भाग एका बैठकीत. अन् बापा, शेवटचा भाग तं साऱ्यायहून अंधारा. यान उतरलं म्हंजे नुसता आवाज झाला. मंग काहीच नाई.

"काय चाललं?" भिमाबाई म्हनाल्या. "मास्तर, काय चाललं बे?"

"मलेही नाई दिसत."

"गप बसा," मनकर्णा बोलली. ती भितीले टेकून, मागं, साऱ्यायच्या मागं बसली होती. "तो चालून राह्यला. पाय घासून राह्यला. मागं टेकडी हाय, टेकडीखाली घर."

सारे तिच्याकडं वळले. टीव्ही पाह्याचा सोडून आमी तिच्या तोंडाकडं पाहू लागलो.

"दाराले पायरी हाय. तो थांबला. दारात कोनी नाई." ती पुढं वाकली. "आंगनात पानं पडली. ढीग हाय पानायचा. मायबाई, कोनी झाडलंच नाई. त्याच्यासाठी झाडलं नाई!"

"मावशी," मास्तर धीरे बोलला, "ते घर ओसाड असन. कोनी उरलं नसन, म्हनून पानं."

"तुले काय मालूम? चूप. त्यानं पाय ठेवला. ठेवला पायरीवर."

अन् टीव्हीवर नावं आली. संपलं.

मंग जे पेटलं पब्लिक! भिमाबाई म्हनाल्या, याच्यासाठी मी टीव्हीवर चादर टाकली होती काय. कोनी म्हने, कप्तान मेला असन अन् हे त्याचं सपन असन. प्रेरणा डोये पुसून राह्यली होती अन् मास्तर तिले म्हनून राह्यला होता, "तुही ती कोल्हापूरवाली खूश असन आता." मी घोंगडी काढली. दुपारचं ऊन दुकानात आलं, अन् त्यात कापसाचे तंतू उडाले, मुरमुऱ्याचा भुसा उडाला, जुन्या टीव्हीवरची धूळ उडाली, सारं चमकत चमकत वर गेलं. मनकर्णा त्याच्याकडं तोंड वर करून पाह्यत उभी राह्यली. मंग कोपऱ्यात गेली अन् खराटा उचलला.

"अवं, डाक्टरीनबाईनं वाकू नको म्हटलं ना?" भिमाबाई वरडल्या.

"म्हनून तं लंब्या दांड्याचा घेतला. पोचला तो. पाय वर घ्या सारे."