देवीचा दिवा आणि पलंगाखालची मी

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमधली नाही हो. मी काळी, जड, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. संतोषच्या कॅम्परमध्ये पलंगाखाली फळीआड माझी जागा होती. फळी उचलल्याशिवाय मी कोणाला दिसत नसे, आणि मी बंद पडल्याशिवाय फळी कोणी उचलत नसे.

कारखान्यात शिशाच्या पट्ट्या घालून मला बनवलं, आणि दुकानातून संतोषनं मला घरी आणलं. तो सिन्नरजवळच्या मळ्यात राहतो, अंबडला वेल्डिंगचं काम करतो. मोटारीमागे जोडायची ती कॅम्पर त्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतः बांधली. शनिवारी घोटीच्या पुढे धरणाकाठी ती न्यायची. पाहुणे तंबूत झोपायचे, आणि कॅम्परमध्ये त्याची बायको साधना, दहा महिन्यांची वेदिका अन् स्वयंपाक.

वेदिकाची छाती सारखी भरायची. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं. ते माझ्यावर चालायचं. मशीनची घरघर सुरू झाली की साधनाचा जीव भांड्यात पडायचा, आणि मला वाटायचं, या घरात माझ्यावाचून कोणाचं काही चालत नाही.

मग दसरा आला आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली.

संतोषच्या आईनं, कुसाबाईनं, कॅम्परमध्ये सप्तशृंगीची तसबीर लावली. तिला खाली अखंड दिवा हवा होता. साधना घाबरली. "आई, लाकडाची गाडी, त्यात लेकरू. तेलाचा नको ना." मग कुसाबाईचा भाऊ भिका आला. कारखान्यातून निवृत्त झालेला वायरमन. त्यानं तसबिरीच्या चौकटीला लाल काचेत ट्रॅक्टरचा बल्ब बसवला आणि हात झटकत म्हणाला, "थेट बॅटरीवर घेतलाय, अक्का. मेन स्विच बंद केला तरी हा चालूच. कोणाचा चुकून हात लागायला नको."

त्या दिवसापासून जो येई तो दिव्याला हात जोडी. फुलं दिव्याला, पेढा दिव्यासमोर. साधना वेदिकाचे इवलेसे हात धरून त्यालाच जय करायला शिकवायची. खरं सांगते, माझा जळफळाट व्हायचा. अरे, तो जळतोय कोणाच्या जिवावर? तो नुसता मिरवतोय, झिजतेय मी! पण मला तोंड नाही, आणि मिरवायला लाल काच नाही.

संतोष रोज संध्याकाळी चार्जर काढून मेन स्विच बंद करायचा, वर ताडपत्री ओढायचा. आत तो दिवा रात्रभर माझं रक्त पीत बसायचा. सकाळी माझ्यात दिव्यापुरताच जीव उरलेला.

एकदा धरणाकाठी सकाळी वेदिकाला धाप लागली. साधनानं मशीन लावलं. घरघर नाही, काही नाही. पोरगी नुसती धापा टाकत होती. संतोषनं मोटारीत घालून तिला घोटीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कुठे ती शांत झाली. घरी आल्यावर साधनानं सांगून टाकलं, "गाडी दुरुस्त होईपर्यंत मी लेकराला घेऊन तिच्यात पाय ठेवणार नाही."

"बॅटरीच गेली बघ," संतोष म्हणाला. "भंगारात देतो, नवी आणतो."

दुकानातली ती नवी, निळी, हलकी. मला तिचं तोंडही बघायचं नव्हतं.

भिकामामा मीटर घेऊन आला. "नवी घालशील, ती पण मरंल. आधी चोर धर." माझी एक वायर सोडून त्यानं मध्ये मीटर लावलं, तर सगळं बंद असूनही काटा वर चढलेला. मग त्यानं संतोषला एकेक फ्यूज काढायला लावला. पंख्याचा काढला. काटा खाली येईना. पाण्याच्या मोटरचा काढला. नाही. वाफेच्या मशीनचा, मोबाईल चार्जिंगचा, सगळे काढले. काटा आपला तिथंच.

"आता काहीच राहिलं नाय," मामा डोकं खाजवत म्हणाला. "भूतच पितंय म्हण की."

"भूतबित काही नाय," कुसाबाई दारातून बोलली. "देवी बसलीय आत. अख्ख्या गाडीत तिचा दिवाच तेवढा नीट चाललाय."

साधना वेदिकाला थोपटत उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, मग तो दिवा कशावर चाललाय?"

दसऱ्याला वायर ज्यानं जोडली तो मामाच कानाची पाळी चोळत बसला. देवीच्या दिव्याला पंख्याच्या रांगेत कोण धरणार?

संतोषनं वायरीकडे हात नेला तशी कुसाबाई कडाडली. "खबरदार! अखंड म्हटलाय मी तो."

"आई," साधना वेदिकाला पुढे धरत म्हणाली. "लेकराचा श्वास पण अखंड पाहिजे ना हो."

कुसाबाईनं नातीकडे पाहिलं. मग म्हणाली, "विझवायचा नाय. उचलून घरात न्यायचा. जळता."

मग आमची वरात निघाली. पुढे कुसाबाईच्या हातात तसबीर आणि दिवा, मागे संतोषच्या हातात मी, मध्ये हातभर वायर. "सावकाश, अक्का! ताण पडंल!" मामा ओरडत होता. वेदिका आईच्या कडेवरून टाळ्या वाजवत होती. अंगणातून, ओसरीवरून, थेट देवघरात.

आता कॅम्परमध्ये ती निळी बसलीय. शनिवारी सकाळी निघण्याआधी साधना मशीन लावून बघते. घरघर मला इथपर्यंत ऐकू येते. पोरगी बरी आहे, ते बरंच आहे. पण ती घरघर माझी होती.

मी देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. मामानं भिंतीतून चार्जर दिलाय. वाफेचं मशीन ओढायचं बळ आता माझ्यात नाही. पण मळ्यातली लाईट गेली की घरभर अंधार असतो आणि हा एकटा लाल जळत असतो, माझ्यावर. ज्याच्यावर मी जळले, त्यालाच आता सांभाळत बसलेय.

लोक येतात, वर बघून हात जोडतात. जोडा, माझी ना नाही. फक्त पुढच्या वेळी जरा खाली वाकून जोडा.