डालग्याची टेकडी

"अप्पा, तुमच्या टेकडीवर कुणीतरी चुना मारलाय बगा," लिंबाजी म्हणाला, आणि तराजूत साबुदाणा ओतणाऱ्या लिंगराजअप्पांना सगळ्यात आधी आठवलं ते गंगम्माचं पत्र. श्रावणात आलेलं. अजून उत्तर न दिलेलं.

साबुदाणा जरा जास्तच पडला. अप्पांनी चिमटीनं दाणे काढून परत डब्यात टाकले.

"कुठं मारलाय?"

"वर, तुमच्या आईच्या समाधीपाशी. मी ट्रॅक्टर घेऊन खालच्या वाटेनं यायलतो, तर ऊन पडलं आन् पांढरंशिप्पट दिसलं. मोजणीवाले मारतेत तसलं. एक दगडबी उभा केलाय नवा."

"मला तर नोटीस आली न्हाई."

"नोटिशीचं काय घेऊन बसलात? हायवेला मुरूम पायजे. एखादा हिस्सेदार उभा ऱ्हायला की झालं." लिंबाजीनं न विचारता गुळाच्या ढेपेचा खडा मोडून तोंडात टाकला. "भावजय काय मन्ती तुमची?"

पत्र आल्याचं अप्पांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पोस्टमन गावात शिरला की आधी लिंबाजीच्या दारात पाणी प्यायचा, आणि पाण्याबरोबर पिशवीतली पत्रंही तिथं वाचली जायची.

"ती काय म्हणणार," अप्पा म्हणाले.

"ओटा बांधायचाय मनं शंभूच्या नावानं. बांधू द्या की. आज ओटा, उद्या वाटा." लिंबाजी आपल्याच बोलण्यावर खूश झाला. "एक सांगतो अप्पा, लिहून कायी देऊ नगा. तोंडी काय बी बोला. कागद गेला की माणूस गेला."

चारठाण्याकडून गावाकडे येताना डाव्या हाताला ती टेकडी लागते. कोंबड्या झाकायचं डालगं उपडं ठेवावं तशी गोल, म्हणून डालग्याची टेकडी. वर कुसळी गवत, सीताफळाची झुडपं, मध्ये मध्ये उघडा पडलेला तांबूस मुरूम. पायथ्याला मात्र काळी जमीन, तुरी आणि कापूस. टेकडीवर पेरता येत नाही, बांधता येत नाही. दोन पिढ्या ती लिंगराजअप्पांच्या घरात होती आणि कुणी तिच्याकडे डोळा वर करून पाहिलं नव्हतं. फक्त आईला तिथं बसवलं होतं. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे, बसलेल्या अवस्थेत, हातात लिंग देऊन. घरातली पहिली समाधी तीच. माथ्याच्या थोडं खाली, बेलाच्या झाडाजवळ. मग रस्त्याचं काम निघालं, ठेकेदाराची जीप येऊन टेकडीला प्रदक्षिणा घालून गेली, आणि त्या दिवसापासून अप्पांना रात्री उशिरा झोप लागू लागली.

शंभुराज, त्यांचा धाकटा भाऊ, रेल्वेत गँगमन होता. सारी नोकरी चुडाव्याच्या आसपास रुळांवरून चालण्यात गेली. नोकरीला निघाला तेव्हा "टेकडी तुमीच बगा, दादा," एवढंच म्हणून तो गेला. ते बोलणं हवेतलं. सातबाऱ्यावर अजून दोघांची नावं होती. गेल्या वर्षी शंभुराज वारला, तिकडेच त्याची माती झाली, आणि श्रावणात त्याच्या बायकोचं, गंगम्माचं पत्र आलं.

घरात फोन होता. पण मोठ्या दिराशी गंगम्मा जन्मात कधी बोलली नव्हती. नवी नवरी होऊन आली तेव्हापासून काही सांगायचं असलं की ती दाराआडून जावेला सांगायची. अप्पा ते स्पष्ट ऐकायचे, आणि तरीही बायकोकडून पुन्हा ऐकून घेऊन मगच उत्तर द्यायचे. रीतच होती तशी. आता जावेशी फोनवर बोलून काम भागलं असतं, पण हे मागणं तिला थेट मागायचं असावं.

"भावजींना शरणार्थ," असं तिनं लिहिलं होतं. "यांना इथं बसवलं ते तुमच्या डोळ्यांदेखत. पण शेवटच्या दिवसांत ते टेकडीचंच नाव काढत होते. तुमची परवानगी असेल तर आईंच्या शेजारी यांच्या नावाचा लहानसा ओटा बांधावा म्हणते. खर्च मी करीन."

अप्पा अडकले ते शेवटच्या वाक्यात. सारा जन्म दुकानात गेलेला. नोट उजेडाला धरून घ्यायची, गिऱ्हाईक गोड बोललं की दुसऱ्यांदा वजन बघायचं. परक्याच्या टेकडीवर पदरचा पैसा कोण घालतं? आणि टेकडी परकी नसेल, तर मग परवानगी कशाला मागते? दोन्हीकडून विचार केला तरी पत्राच्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. कुणी वकील, कुणी ठेकेदार. आपल्याला काळजी आईच्या समाधीची आहे की निम्म्या हिश्श्याची, हे मात्र त्यांनी स्वतःला कधी नीट विचारलं नाही. पत्र त्यांनी गल्ल्याखाली सारलं. उत्तर दिलं नाही म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, असा त्यांचा हिशेब.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "चुन्याचं काय ऐकायले मी?"

"उद्या बघून येतो."

"गंगम्मा तसली न्हाई हां. मी तिच्यासंगं एका चुलीवर भाकरी केल्यात." महानंदाबाईंनी ताटात आमटी वाढली. "तुमाला तर सख्ख्या आईनं चहा पाजला तरी तुमी आधी कपात बगता."



सकाळी दहिवर पडलं होतं. काठी टेकत अप्पा टेकडीखाली आले आणि थांबून बघत राहिले. रोजचीच टेकडी, पण आज प्रत्येक गोष्ट काहीतरी लपवून उभी होती. पायवाटेवरचं गवत दबलेलं; शेळ्यांनी, की माणसांनी? सीताफळाची एक फांदी मोडलेली. पायथ्याच्या ओल्या मातीत टायरचा ठसा. लिंबाजीचा ट्रॅक्टर, की ती जीप? वर चढता चढता ते दर थोड्या वेळानं मागं वळून बघत होते. मागं पसरलेली तूर पिवळ्या फुलोऱ्यावर आली होती, कापसात बायका वाकलेल्या होत्या, आणि त्यांतली एखादी सरळ झाली की अप्पांना वाटायचं, आपल्याकडेच बघायलीय.

समाधीपाशी कुणीतरी झाडून घेतलं होतं. बेलाचा पाला एका बाजूला सारलेला. आणि आईच्या दगडांच्या उजव्या अंगाला एक नवा दगड उभा होता, साधारण पाण्याच्या कळशीएवढा. त्यावर पांढरं फासलेलं. दहिवरानं ओघळून त्याचे डाग खालच्या मुरमावर उतरले होते.

म्हणजे लिंबाजी खरं बोलत होता. हद्द घातली. आईच्या अगदी अंगाला लावून हद्द घातली. इकडची माझी, तिकडची तिची.

त्यांनी चहूकडे पाहिलं. कुणी नव्हतं. काठी बेलाला टेकवून त्यांनी दगडाला दोन्ही हात लावले. वाटलं होतं पुरलेला असेल, हलणार नाही. पण तो नुसता टेकवलेला होता, बुडाला चार खडे लावून. हद्दीचा दगड इतका कच्चा कुणी बसवतं का, असा विचार आला खरा, पण तोवर हात पुढे गेले होते. दगड कलंडला, एकदा थांबला, मग उताराला लागला. मुरमावरून खडखडत, झुडपं मोडत खाली गेला आणि कुठेतरी गप झाला.

"अप्पा."

खालच्या बोरीआडून दगडाबाई उठून उभी राहिली. गावातल्या शेळ्या घेऊन ती वर्षानुवर्षं याच उतारावर असायची. टेकडीवरच्या दगडांसारखीच तीही नेहमीची, म्हणून अप्पांच्या नजरेत आली नव्हती. शेळ्या बिथरून पांगल्या होत्या. ती त्यांना हाकारत नव्हती. अप्पांकडे बघत होती.

"शंभूला कामून लोटून दिलं?"

अप्पांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. "काय म्हणतेस?"

"दगड वो त्यो. सोमवारी तुमची भावजय आलती. त्यायच्या मातीवरचा दगड, लुगड्यात बांधून आनलता." दगडाबाई चढून वर आली, धाप लागलेली. "येष्टीत मांडीवर घेऊन बसलती मनं. कंडक्टर मनला, मावशी, ह्याचंबी तिकीट काढू का? तर मनली, त्येंला पास हाय, रेल्वेचा." ती एवढंसं हसली आणि लगेच थांबली. "हितं वर मीच हात लावला. लय जड व्हता."

"आन् चुना?"

"कस्ला चुना? इभूत लावली की तिनं. तीन बोटं वडली, तुमच्यात लावतेत तशी."

अप्पांनी आपले हात पाहिले. तळवे पांढरे झाले होते. चुना असता तर खरखरला असता, चरचरला असता. हे मऊ होतं, चाळलेल्या पिठासारखं. त्यांनी बोटं नाकाशी नेली. आज पहाटे अंघोळ झाल्यावर त्यांनी स्वतः हेच लावलं होतं. दुकानात याचे गोळे ते स्वतः विकत होते.

"घरी का आली न्हाई ती?"

"म्या इचारलं. मनली, न्हाई मनले असते तर भांडाया तरी गेले असते. उत्तरच न्हाई मनल्यावर कोण्या तोंडानं दारात जाऊ?" दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मी मनलं, बाई, मग पक्का तरी बसीव, कालवलेली माती आनून देते. तर मनली, नगं. वरच्यावर टेकवते. भावजीला न्हाई पटलं तर एका हातानं काढता यावा."

वारा होता. बेलाची पानं हलत होती. अप्पांना खाली बसावंसं वाटलं, पण आईसमोर बसायला धीर होईना.

"चल," ते म्हणाले. "शोधू."

उतरताना त्यांना कळलं की टेकडीवर इतके दगड आहेत. एरवी कधी दिसले नव्हते. सगळे काळसर, सगळे कळशीएवढे. दगडाबाई घाणेरीच्या जाळीत शिरली. तिथं एक ताजा खरचटलेला सापडला. थोडं खाली, बोरीच्या बुडाशी दुसरा, त्याच्याही अंगाला माती ओली. विभूती दोन्हींवर नव्हती. लोळता लोळता गवतानं पुसून घेतली असावी. अप्पांनी एकेक दगड उलटून पाहिला, बोटं फिरवली.

"ह्योच हाय," दगडाबाई जाळीतल्याकडं बोट करून म्हणाली.

"कशावरून?"

"आता अप्पा, दगडाला का नाक-डोळे असतेत?"

"मग ह्योच असं कसं म्हणतेस?"

ती जाळीतून बाहेर आली. बोलली ती रागानं नव्हे, थकून. "तुमाला कवाच कशाची खात्री व्हायची न्हाई. तिलाच इचारा. येवडा पल्ला मांडीवर धरून आनलाय, तिला बरूबर कळंल."

दुकान त्या दिवशी उघडलं नाही. लिंबाजी फळ्या लावलेल्या बघून थेट ओसरीवर आला. अप्पा कागद घेऊन बसले होते. महानंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"मंग? मोजणीचाच निगाला का चुना?"

"चुना नव्हता. विभूती होती."

लिंबाजीनं डोकं खाजवलं. "बरं. मंग आता काय लिवायलात?"

"उत्तर."

"अप्पा, दुकी माणसाला बोलू नये, पन वकील दुक बगत न्हाई. फोन करा की, वैनीला बोलू द्या."

"फोनवरचं उद्या मला नाकारता येईल," अप्पा म्हणाले. "मी माझ्यावर इतका इसवास ठेवत न्हाई."

लिंबाजी काहीतरी म्हणणार होता, पण महानंदाबाईंनी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला, आणि तो चहा पिऊन निघून गेला.

लिहायला वेळ लागला. गंगम्माला तू म्हणावं की तुम्ही, हेच अप्पांना कळेना. इतक्या वर्षांत तिला कधी हाक मारायची वेळ आली नव्हती. दोनदा तू लिहून खोडलं.

"गंगम्मा यांस आशीर्वाद. तुमचं पत्र तेव्हाच पोचलं होतं. सोमवारी तुम्ही ठेवलेला दगड मी हद्दीचा समजून माझ्या हातानं ढकलून दिला. खाली दोन दगड सापडलेत, शंभूचा कोणता ते मला ओळखू येत नाही. तुम्हाला यावं लागेल. ओट्याला माझी परवानगी लागत नाही. टेकडी शंभूची होती तेवढीच तुमची आहे, हे मी लिहून देतो. आधी घरी या. जेवण इथंच."

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सातबाऱ्यावर आहे तसं.

चारठाण्याला जाणारी जीप दुपारी मिळाली. पोस्टाच्या खिडकीतल्या माणसानं पाकिटाला तिकीट लावून दिलं. "अप्पा, चुडाव्याला पोचायला दोन-तीन दिवस जातील. अर्जंट असंल तर स्पीडपोस्ट करा."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "उशीर व्हायचा तेवढा माझ्याकडनंच झालाय. ह्यानंच जाऊ दे."

बाहेर लिंबाखाली तांबडी पेटी होती. अप्पांनी पाकीट फटीत सरकवलं आणि धरून ठेवलं. मागून एक मोटारसायकल गेली, दोन पोरी शाळेच्या दप्तरांसकट गेल्या, कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मग त्यांनी बोटं सोडली. पेटी बहुधा रिकामीच होती. पाकीट तळाला पडल्याचा आवाज आला. तो ऐकून झाल्यावरही अप्पांचा हात थोडा वेळ तिथंच होता.