उकाराचं वळण

"पुस्तक्या, या खेपेला नक्की येतोयस ना?" ताईने फोनवर विचारलं. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात हिने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "येतोय हो वन्सं. स्कूटरवरून येतोय, आडरस्त्यांनी, सावकाश. शनिवारी निघतो. सोमवारी जेवायला तुमच्याकडे."

अशा रीतीने माझं ठरलं. माझी बहुतेक कामं अशीच ठरतात.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं घर आमच्यापासून तीनशे दहा किलोमीटर. याआधी तीनदा आम्ही स्कूटरने तिच्याकडे जायचं ठरवलं होतं आणि तिन्ही वेळा मीच मोडता घातला होता. पहिल्यांदा टायरचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा पाठीचं, आणि तिसऱ्यांदा काय सुचलं कोण जाणे, वाचनालयाची पुस्तकं परत करायची आहेत असं सांगितलं. ते हिने नीट लक्षात ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात कुठलंही काम टळलं की "पुस्तकं परत करायची असतील" असं म्हणतात.

हिची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात तिची उमर गेली. आडगावांची नावं तिला तोंडपाठ, पण पाहिलेलं एकही नाही. मी नकाशे छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. तीच गावं मी भिंगाखाली धरली, ऱ्हस्वदीर्घ तपासलं आणि पुढे पाठवली. मीही एकही पाहिलेलं नाही. तेव्हा आता हातीपायी धड आहोत तोवर त्यातल्या चार गावांवरून जाऊ या, हे तिचं म्हणणं रास्तच होतं. माझा विरोध तत्त्वाला कधीच नव्हता. तो फक्त निघण्याला असायचा.

पण या वेळी मला खरोखरच जायचं होतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ताईचा फोनवरचा आवाज बारीक झाला होता, हे एक. आणि पत्ता ठाऊक असलेल्या माणसाने दारापर्यंत जाऊच नये, याची एक हळूहळू वाढणारी लाज असते, हे दुसरं.

बुधवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. आमच्याच छापखान्याचा, दोन तुकडे चिकटपट्टीने जोडलेला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर माझा शब्दकोश, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर हिचे कोपर. मी वहीत रकाने आखले होते. गाव, अंतर, पेट्रोल, पाणी, मुक्काम, शंका. शंकांचा रकाना सगळ्यांत रुंद होता.

खालच्या गाळ्यातला फिटर चहाला वर आला होता. आमची स्कूटर गेली वीस वर्षं त्याच्याच हाताखाली आहे. तिला तो आजी म्हणतो.

"आजीचं सगळं केलंय काका," तो म्हणाला. "प्लग नवा, ब्रेकचे लायनर नवे. क्लचची जादा केबल आत्ताच जुनीच्या शेजारून ओढून ठेवलीय. वाटेत तुटली तर नुसतं टोक अडकवायचं. दोन मिनिटांचं काम."

"मला जमेल का ते?"

"तुम्हाला नाही जमणार. काकूंना दाखवून ठेवलंय."

हिने वर न बघता मान डोलावली. तिच्या हातात माझी जुनी लाल पेन्सिल होती. आमच्या घरापासून निघून ती तळ्याच्या गावापर्यंत छान आली आणि तिथे थांबली. तिथून पुढे अडतीस किलोमीटर हमरस्ता होता, आणि हमरस्त्यावर ट्रक. ट्रकला ही भिते. दुसऱ्या कशालाही ही भीत नाही.

"अहो, हे काय आहे?" तिने विचारलं. "ही टिंबटिंबं?"

मी पाहिलं, आणि हातातला चहा कडू झाला.

"कच्ची वाट," फिटर नकाशावर वाकून म्हणाला. "खाली सूचीत दिलंय की. टिंबं म्हणजे कच्ची वाट. ही बघा काकू, तळ्याच्या रस्त्यावरून निघते, या वाडीखालून जाते आणि नदीच्या पुलाशी लागते. सहा किलोमीटर. हमरस्ता उडालाच."

पेन्सिल टिंबांवरून सरसर फिरली. मधेच वाट विनाकारण जराशी खाली उतरून परत वर येत होती. हिने ते वळणही मन लावून गिरवलं.

ती वाट मला माहीत होती. ती वाट नव्हतीच.

बत्तीस वर्षांपूर्वी या नकाशाचं शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. त्या वाडीचं सात अक्षरी नाव दोनदा आलंय अशा समजुतीने मी ते खोडलं. मग यादी पाहिली, तर दुसरी वाडी खरोखरच होती. खोडलेलं ठेवायचं असेल तर मुद्रितशोधक त्या शब्दाखाली टिंबं देतो आणि समासात "तसेच ठेवा" असं लिहितो. मी तसंच केलं. पण समास कापताना माझे शब्द गेले आणि टिंबं तेवढी राहिली. आरेखक नवा होता, पुस्तकांच्या छपाईशी त्याचा संबंध आला नव्हता. नकाशावर टिंबं म्हणजे कच्ची वाट, एवढंच त्याला शिकवलेलं. त्याने ती शाईने पक्की केली. दोन्ही टोकं अधांतरी दिसत होती, म्हणून सज्जनपणाने जवळच्या रस्त्यांना जोडूनही दिली. नावातल्या मधल्या अक्षराला उकार होता. तो चुकवायला मी टिंबं थोडी खाली घेतली होती. तेच ते वळण.

दहा हजार प्रती निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी कोणालाही सांगितलं नाही. आधी भीतीने, मग उशीर झाला म्हणून.

आता सांगायला हवं होतं. पण तोंड उघडताच मला माझं वाक्य आधीच ऐकू आलं. "अगं, तो रस्ता नाहीये." म्हणजे चौथं कारण. वाचनालयाच्या पुस्तकांपेक्षाही पोकळ. छापील नकाशावर दिसतोय, सूचीत लिहिलंय, आणि हे म्हणतात नाहीये.

"कच्ची वाट आहे," मी एवढंच म्हणालो. "काटे असतील."

"जादा ट्यूब दिलीय," फिटर म्हणाला.

"चढही असेल."

"आजी चढते. तुम्ही उतरा म्हणजे झालं."

फिटर गेल्यावर ही बराच वेळ पेन्सिलीचं टोक काढत बसली. मग म्हणाली, "एक सांगू? नसेल जायचं तर आत्ताच सांगा. या वेळी वन्संना फोन मी करणार नाही. तुम्ही करायचा. तुमच्या तोंडाने."

"जायचंय गं."

"मग चेहरा असा का? प्रूफात घोडचूक सापडल्यासारखा?"

मी वही मिटली.

गुरुवारी मी दुसरी वाट शोधली. तळ्याच्या गावाला न जाता डोंगराच्या मागून वळसा घालायचा. त्याने पासष्ट किलोमीटर वाढत होते आणि आणखी एक मुक्काम. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून हिच्यासमोर ठेवला. तिने वाचला आणि वही परत केली. "म्हणजे मंगळवारी पोचणार. म्हणजे वन्संना पुन्हा फोन. म्हणजे पुस्तकं परत करायची आहेत." ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि पडद्याच्या कड्या मोजू लागली. बाहेरगावी जायची तयारी म्हणून धुवायला काढलेले पडदे ती, जाणं मोडलं असं धरून, पुन्हा लावत होती.

ते मला बघवलं नाही.

मी कपाट उघडलं. तळाशी, माझ्या जुन्या नोकरीच्या कागदांत, त्या प्रूफाच्या कापलेल्या समासाची, मी तेव्हा रद्दीतून शोधून आणलेली पट्टी होती. बत्तीस वर्षं मी ती का जपली, मला माहीत नाही. फेकावी तर पुरावा नष्ट केल्यासारखं वाटे. बोटभर कागद, त्यावर लाल पेन्सिलीत "तसेच ठेवा". मी टेबलावर नकाशा पुन्हा पसरला, पट्टी त्याच्या कडेला, वाडीच्या नावाच्या रेषेत ठेवली आणि हिला हाक मारली.

सगळं सांगायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढीशी गोष्ट होती. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, उकाराकडे पाहत होतो.

"म्हणजे," ही सावकाश म्हणाली, "हे वळण..."

"उकार आहे."

"आणि मी काल ते गिरवलं."

"हो."

तिने पट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली. अक्षर माझं होतं, त्यात तिला शंका नव्हती. मग तिचे खांदे हलू लागले. मला क्षणभर भलतंच वाटलं, पण ती हसत होती. डोळ्यांना पदर लावून, आवाज न करता. एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी कानावर पडली की अशी हसायची सवय लागली होती तिला.

"काय हो, दहा हजार लोकांची वाट लावलीत की."

"तेच तर म्हणतोय."

"आणि हे एवढं बत्तीस वर्षं पोटात ठेवलंत? मला वाटलं, सारखं जायचं टाळता ते मला मागे बसवायची लाज वाटते म्हणून की काय."

इतक्या वर्षांत हे तिला वाटत असेल, हे माझ्या शंकांच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"लाज माझीच वाटते," मी म्हणालो. "मागे बसणाऱ्याची नाही, चालवणाऱ्याची."

"बरं." तिने पट्टी नीट घडी करून पर्समध्ये टाकली. "तर मग तिथूनच जायचं. या अख्ख्या नकाशात तुमचा म्हणून एकच रस्ता आहे. तो सोडून दुसऱ्यांच्या रस्त्याने कशाला?"

"पण तो नाहीये."

"नसला तर परत फिरू आणि हमरस्त्याने जाऊ. एक लाइन लागली नाही तर आम्ही दुसरी लावायचो, फोन ठेवून देत नव्हतो. ट्रक आला की मी डोळे मिटीन."

वहीत त्या ओळीपुढे, शंकांच्या रकान्यात, मी "रस्ता नाही" असं लिहिलं. जन्मात पहिल्यांदा मी शंका न लिहिता खात्री लिहिली होती. हिने खाली लिहिलं, "बघू."

शनिवारी निघालो. फिटरने स्कूटर तिरकी करून पेट्रोल खाली आणलं, एक किक मारली आणि आजी बोलू लागली. "काका, तिसऱ्या गिअरवर ठेवा. चौथा टाकायचा मोह झाला तर काकूंना विचारा." पहिला दिवस कडेची झाडं मोजण्यात गेला. चाळीसच्या वर मी गेलो नाही. ही मागून एकेका पाटीवरचं गाव वाचायची आणि म्हणायची, "या गावचा सरपंच फार ओरडून बोलायचा." मी म्हणायचो, "याचा वेलांटीवरून वाद झाला होता." अशी आमची ओळखीची माणसं भेटत गेली.

रविवारी दहाच्या सुमाराला तळ्याच्या रस्त्यावर, जिथून टिंबं सुरू व्हायची तिथे, मी स्कूटर थांबवली. समोर शेत असणार, असं मी रात्रभर घोकलं होतं. समोर शेतच होतं. आणि शेताच्या बांधाला लागून दोन चाकं जातील एवढी, मळलेली, पांढरी वाट होती.

बांधावर एक बाई बकऱ्या राखत बसली होती. माझ्याच वयाची असेल.

"बाई, ही वाट कुठे जाते?" हिने विचारलं.

"पुलाला. दुसरीकडे कुठे जाणार?"

"जुनी आहे का?"

"छे. आमच्या लग्नाच्या वेळी इथे कुंपण होतं. मग कधीतरी लोक यायला लागले, हातात कागद घेऊन. वाट आहे, वाट आहे म्हणायचे. आमचा म्हातारा शिव्या द्यायचा. पण पुलाला जवळ पडतं हे तोवर कोणाला सुचलंच नव्हतं. मग आमचीच पोरं इथून शाळेला जायला लागली. शेवटी म्हाताऱ्याने कुंपण काढलं. म्हणाला, पडली वाट तर पडू दे." तिने हिच्या हातातल्या टेबलभर नकाशाकडे पाहिलं. "तुम्हीपण कागदवालेच ना?"

"हेच ते," ही माझ्याकडे हात करून म्हणाली. "मूळ कागदवाले."

बाईला ते कळलं नाही, आणि मला कुठे पाहावं ते कळेना. मी किक मारली. आजी माझ्या पहिल्या किकला कधी सुरू होत नाही, तेव्हा झाली.

वाट चांगली होती. एका ओढ्यात उतरून ढकलावं लागलं, हिची चप्पल भिजली, बाकी काही नाही. अर्ध्यावर आलो तशी तिने मागून खांद्यावर बोटं वाजवली.

"अहो, आता इथे यायला हवं ना ते?"

"काय?"

"वळण. उकाराचं."

मी वेग कमी केला. दोन्ही बाजूंना मोकळं रान होतं आणि वाट समोर सुतासारखी सरळ गेली होती. लांबवर पुलाचा कठडाही दिसत होता.

"इथे नाहीये ते," मी म्हणालो.

"मग चूक सापडली म्हणायची," ही म्हणाली. "घरी गेल्यावर दुरुस्त करा. आता चौथा टाका, वन्संना उद्या दुपारचं सांगितलंय."

मी चौथा टाकला.