मळी लावलेला बंपर

“शिवप्पा, काय फासलंस हे गाडीला?” चेअरमन आण्णासाहेबांनी धोतराचा सोगा वर धरला. पांढऱ्याशुभ्र धोतरावर काळा पट्टा उमटला होता.

“बूट पॉलिश, साहेब. उन्हानं बंपर लई पांढरा पडलाय.”

“म्हणून माझं धोतर काळं करायचं व्हय?”

साखर कारखान्यानं मारुती घेतली त्याला तीनच वर्षं झाली होती, पण छपराखाली उभं राहणं तिच्या नशिबी नव्हतं. प्लास्टिकचे काळे बंपर पार राखेच्या रंगाचे झाले होते. शिवप्पानं आधी खोबरेल लावून पाहिलं, तर येरमाळ्याच्या रस्त्यावरची निम्मी धूळ त्याला येऊन चिकटली. आणि आज पॉलिशनं थेट चेअरमनच धरले.

“उद्या मंत्री जनावरांची छावणी बघायला येणार. फोटोवाले असणार. गाडी अशी दिसली तर परवापासनं तू गेटवर बसायचं. माझा भाचा हाय गाडी चालवायला.”

“व्हय जी,” शिवप्पा म्हणाला.

पंधरा वर्षांत त्यानं तीन चेअरमन फिरवले होते. दोन वर्षं पाऊस नव्हता, उसाअभावी कारखाना बंद होता. चैत्रात त्याचा बैल ह्याच छावणीत मेला, तेव्हा तो आण्णासाहेबांना घेऊन परंड्याला लग्नाला गेला होता. घरी आल्यावर मल्लम्मानं सांगितलं. त्यानं बायकोचं ऐकून घेतलं आणि चहा मागितला. आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, याचं त्याला नवल वाटलं, तेही थोडा वेळच. स्टिअरिंग हातात असलं की दिवस निघून जायचा, एवढंच आता उरलं होतं. गेटवरच्या स्टुलावर बसून दिवस निघाला नसता.

दुपारी तो कारखान्यामागं गेला. मळीच्या टाकीची तोटी गळत होती. मागच्या गाळपात साखर काढून उरलेली ती काळी, घट्ट मळी त्यानं डब्यात धरली. फडक्यानं दोन्ही बंपरांवर पातळ हात फिरवला आणि गाडी उन्हात उभी केली. तासा-दोन तासांत बंपर नव्यासारखे काळेभोर. बोट लावलं, डाग आला नाही. माशा तेवढ्या आल्या. उभा जन्म साखर कारखान्यात गेलेल्या माणसाला त्या कशाला आल्या हे कळायला हवं होतं, पण त्यानं फडकं झटकून त्या हाकलल्या आणि खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. आण्णासाहेब त्यांना छावणी दाखवायला गेले. शिवप्पानं गाडी जनावरांच्या दावणीशेजारी लावली आणि पाणी पिऊन येईतो एक गाय दावं ताणून पुढचा बंपर चाटत होती.

त्यानं हात उगारला.

“मारू नगा, दादा!” एक म्हातारी धावत आली. “उसाच्या वाड्यावर मळी शिंपडत हुते तवर खायची बगा. पंधरा दिस झालं, कारखान्यानं मळी बंद केलीया. नुसतं वाळकं वाडं त्वांडात बी धरंना.”

गाईच्या पाठीचा कणा वर आला होता. खरखरीत जीभ फिरेल तिथं बंपर पुन्हा राखेच्या रंगाचा होत होता. शिवप्पाला सगळं समोर दिसत होतं, गेट, स्टूल, सगळं. त्याचा हात खाली आला.

“चाटू द्या,” तो म्हणाला.

छावणी बघून परतलेले फोटोवाले हसले. आण्णासाहेबही मंत्र्यांपुढं हसले. मंत्र्यांची गाडी गेली तसे ते जवळ आले आणि आवाज न चढवता म्हणाले, “किल्ली भाच्याकडं दे.”

“देतो जी. तेवढी गाडी वळवून देतो.”

शिवप्पा आत बसला. गाडी वळवली आणि रिव्हर्स टाकून हळूहळू दावणीला नेऊन भिडवली. मागचा बंपर अजून काळाभोर होता. त्यानं इंजिन बंद केलं. आधी एक बैल आला, मग दोन गाई.

भाच्यानं खिडकीतून हात पुढं केला. शिवप्पाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

“थांबा जरा,” तो म्हणाला. “त्यांचं होऊ द्या.”

मागून जनावरं ढुशा देत होती आणि गाडी बसल्या जागी हलत होती.